चिंध्यांतली माणसं

गोधडी म्हटलं की आजी आलीच, त्याला माझा इलाज नाही. आमच्या गोधडीत डोक्याकडे माझ्या झबल्याचा तुकडा होता, पायांकडे काकाच्या खाकी चड्डीचा. झोप येईपर्यंत 'हे कुणाचं?' हा खेळ चालायचा. अंधारातसुद्धा ती खाकी बोटांना बरोबर कळायची.

बीसा बटलर या अमेरिकन कलावतीची गोधडीसारखी शिवलेली चित्रं मी फक्त मोबाइलवर पाहिलीत, पण बोट आपसूक तसंच फिरलं. त्यांत रंगाचा एक थेंब नाही. सुती, रेशीम, मखमल, लेस असे तुकडे एकावर एक रचायचे आणि वरून मशीनची शिवण. माणसं जवळजवळ खऱ्या मापाची. बाईंचा जन्म १९७३चा, न्यू जर्सीतला, वडील घानाचे. हॉवर्ड विद्यापीठात त्या शिकल्या रंगचित्रकला. पुढे एम.ए. करताना, आजी आजारी होती तेव्हा, त्यांनी आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोवरून गोधडी शिवली. म्हणजे तिथंही आजी!

रसेल ली यांनी १९४१ साली ईस्टरच्या सकाळी शिकागोच्या साउथ साइड भागात मोटारीपाशी जमलेल्या पाच पोरांचा फोटो काढला. पोरं काळी, सुटाबुटातली, ऐटीत. फोटोखाली नाव एकाचंही नाही. बटलर यांनी २०१८ साली ती पाचही जणं कापडात बसवली. चेहऱ्यांना तपकिरी रंग शोधत बसल्या नाहीत. निळे, जांभळे, गुलाबी तुकडे लावले. ज्याचा जसा स्वभाव, तसं त्याला कापड. नाव नसलेल्या पोराला निदान स्वभाव तरी मिळाला.

बटलर वापरतात ती कापडंही साधी नाहीत. जावाच्या बाटिकची डचांनी यंत्रावर नक्कल केली, ती पश्चिम आफ्रिकेत खपली आणि तिथल्या बायकांनी एकेका नक्षीला नावं नि म्हणी चिकटवून ती आपलीच करून टाकली. चंद्रकळा म्हटल्यावर आपल्याला तरी नुसतं काळं लुगडं थोडंच दिसतं!

या घराण्याची पणजी म्हणजे हॅरिएट पॉवर्स. १८३७ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात गुलामगिरीत जन्मली. बायबलमधल्या गोष्टी तिनं गोधडीवर शिवल्या. एका चित्रकला शिक्षिकेनं ती मागितली तेव्हा 'विकायची नाही' म्हणाली. पुढे दिवस फिरले, तेव्हा दहा डॉलर सांगून पाचांत दिली. आणि नंतर पुन्हा पुन्हा त्या बाईंच्या घरी जाऊन आपली गोधडी बघून येत राहिली. ती गोधडी आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे, पण मला दिसते ती परक्या दारात उभी राहून आपलेच टाके न्याहाळणारी हॅरिएट.

आमच्या आजीनं पुढच्या गोधडीसाठी एक हिरवं लुगडं बाजूला ठेवलं होतं. ती गेल्यावर वर्षभरात आईनं ते इतर कपड्यांबरोबर बोहारणीला दिलं आणि घासाघीस करून एक स्टीलचं पातेलं घेतलं. पातेलं अजून आहे. आई त्यात दूध तापवते आणि कधीमधी, कुणाचं लक्ष नसताना, त्याच्या काठावरून पदरानं हात फिरवते.