जुन्या जीपचे चाकाचे नट आवळताना : माझा अनुभव

जुनी विलीज असो की महिंद्राची सीजे-३बी, चाक काढण्याआधी मी डाव्या बाजूच्या स्टडची (ज्यांवर नट आवळतात त्या आटे पाडलेल्या दांड्यांची) टोकं वायर ब्रशने घासून बघतो. टोकावर किंवा नटावर ‘एल’ उमटलेलं दिसलं की तिथले आटे उलटे. या गाड्यांच्या डाव्या चाकांचे नट घड्याळाच्या दिशेने फिरवले की सैल होतात आणि उलट्या दिशेने आवळले जातात. पुढे जाताना डावं चाक बाहेरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, त्या फिरण्याने नट सुटू नयेत म्हणून त्या काळी असे आटे ठेवत. पंक्चरवाल्याला हे सांगितलं नाही तर एअर गन नेहमीच्या दिशेने चालते, सैल होण्याऐवजी नट आणखी आवळला जातो आणि स्टड तुटतो. आपल्याकडे बऱ्याच जीपना मधल्या काळात हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बदललेत, त्यामुळे एकाच गाडीत दोन्ही प्रकार निघतात. अक्षर रंगाखाली बुजलं असेल तर साधा बोल्ट स्टडच्या शेजारी धरावा. आट्यांचा उतार जुळला तर सरळ, नाही जुळला तर उलटे.

जॅक लावण्याआधीची गोष्ट त्याहून महत्त्वाची. या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरेन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते हवेतलं चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी घरंगळते. गिअरमध्ये ठेवूनही हेच होतं. म्हणून मी फोर-व्हील टाकतो (पुढच्या चाकांना हाताने जोडायचे-सोडायचे लॉकचे हब बसवले असतील तर तेही लॉक करून) आणि तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावतो. अंगणात हाताशी जांभ्याचे चिरे असतात, पण गाडी त्यांच्यावर टेकवू नये. चिरा एका जागी भार आला की अचानक फुटतो. जॅकखाली जाड फळी आणि चासीखाली लोखंडी स्टँड, एवढं हवंच. नट मात्र चाक जमिनीवर असतानाच पाव-अर्धा फेरा सैल करून घ्यायचे. पाना पाऊण इंची, १९ मिलिमीटरचा सॉकेटही बसतो.

खरं काम सफाईचं. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत डिस्क (चाकाची लोखंडी तबकडी, जिला नटांची भोकं असतात) आणि ब्रेकचा ड्रम यांच्यामध्ये गंजाची पापडी धरते. नट आवळताना ती दबते, गाडी चालली की चुरा होते आणि तेवढी जागा ढिली पडते. एकमेकांना टेकणाऱ्या दोन्ही बाजू धातू दिसेपर्यंत घासावेत. नटाचं शंकूसारखं तोंड डिस्कच्या भोकात जिथे बसतं ती जागाही स्वच्छ हवी. हौसेने डिस्कना जाड रंग मारणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं: त्या बैठकीवर रंगाचा थर राहिला तर तो चिरडतो आणि आवळलेला नट आपोआप सैल होतो. रंगाआधी तिथे टेप लावावी. कर्दे-लाडघरच्या पुळणीवर गाडी नेली असेल तर आटे गोड्या पाण्याने धुऊन वाळवावेत, कारण वाळूचा एक कण अडकला तरी नट आवळल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात पकड नसते.

गंज नको म्हणून आट्यांना ग्रीस चोपडण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण ती मला पटत नाही. आपण लावलेल्या जोरातला सुमारे नव्वद टक्के भाग घर्षणातच खर्च होतो, स्टड ताणायला जेमतेम दहा टक्के उरतो. ग्रीसने घर्षण घटलं की तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा असतो. म्हणून आटे आणि शंकू कोरडे ठेवायचे, नट पूर्ण आवळून झाल्यावर बाहेर उरलेल्या टोकांना ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. पावसाळ्यात मी हे आवर्जून करतो.

नट हाताने पाच-सहा फेरे सहज जायलाच हवा. दोन फेऱ्यांत अडला तर आटे वाकडे धरलेत, नाहीतर सरळ आट्यांचा नट उलट्या स्टडवर लावला जातोय. पाना लावून जबरदस्ती केली की आटे गेलेच. हाताने नीट जाऊन मध्येच घट्ट होत असेल तर स्टड ताणून बारीक झालाय, तो बदलावा. एक स्टड तुटला असेल तर शेजारचे दोनही बदलावेत, कारण त्याचा भार त्यांनी सोसलेला असतो.

पाच नटांचा क्रम एक सोडून एक: १, ३, ५, २, ४. चाक हवेत असताना हाताने, मग पान्याने हलकेच, जेणेकरून डिस्क मधोमध बसेल. मग चाक टेकवून आधी निम्मा, नंतर पूर्ण जोर. अर्धा इंची, इंचाला २० आट्यांच्या स्टडला मी ७० फूट-पाउंड म्हणजे ९५ न्यूटन-मीटर धरतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. ४० सेंटिमीटरच्या पान्यावर ७० किलोचा माणूस उभा राहिला तर याच्या जवळजवळ तिप्पट जोर पडतो.

टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) घेताना एक बघावं. ‘टक’ आवाज करणारे पुष्कळ रेंच एकाच दिशेला मोजतात. रॅचेटची कळ उलटी फिरवली म्हणून डाव्या चाकांवर तो मोजेलच असं नाही, टक होतच नाही आणि आपण आवळत राहतो. दोन्ही दिशांचा रेंच घ्यावा किंवा जुना काट्याचा, तो दोन्हीकडे चालतो. रेंच नसेल तर मासळी तोलायचा हुकाचा स्प्रिंगकाटा घ्यावा. नटाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर पान्याला हुक अडकवून काटकोनात ओढायचं. काट्यावर १९ ते २० किलो आले की ९५ न्यूटन-मीटर झाले.

आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरून आल्या आल्या मात्र नट तपासू नयेत. ड्रम तापलेले असतात आणि माप फसतं. थंड झाल्यावर बघावं. चाक बसवल्यावर ५० ते ८० किलोमीटरनंतर त्याच मापाने पुन्हा फिरवायचं. नटाभोवती डिस्कवर तांबूस ओघळ दिसले तर तो नट ढिला चाललाय असं समजून चाक काढावं आणि भोक लांबट झालंय का पाहावं. झालं असेल तर ती डिस्क बाद. उलट्या आट्यांचे नट दुकानात पटकन मिळत नाहीत, म्हणून दोन जादा नट ‘डावे’ असं लिहिलेल्या पिशवीत हत्यारांबरोबर ठेवतो, सरळ नटांपासून वेगळे.