सनमायकाला रंग बसत नाही

“काका, सनमायकाला रंग बसत नाही. नवीन करून घ्या,” असं म्हणून सुतारानं आमच्या कपाटाकडे असं बघितलं की त्याचे दिवस भरलेच जणू.

कपाट 1994 चं, सागवानी रंगाचं. आतला प्लाय अजून खणखणीत, बिजागऱ्या शाबूत. दोष एवढाच की आता ते कुणाला आवडत नव्हतं. धडधाकट वस्तू रंगापायी मोडीत काढायला माझा जीव होईना. मी गॅलरीच्या ग्रिलचा उरलेला ऑईल पेंट काढला आणि रविवारी दुपारी सरळ एक हात मारून टाकला.

दोन दिवस कपाट छान दिसलं. तिसऱ्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा घासून दारावर एक टवका उडाला. मी त्यात नख घातलं, तर दुधावरची साय निघावी तसा तळहाताएवढा रंग अख्खा हातात आला. खाली जुनं सागवान तसंच, कोरडं, स्वच्छ, आपल्याला काही झालंच नव्हतं अशा चेहऱ्यानं. सुतार बरोबर होता, हे मी स्वखर्चानं सिद्ध केलं.

खरं तर त्या बिचाऱ्या सनमायकाच्या पत्र्याचं काही चुकलं नव्हतं. काही चिकटू नये म्हणूनच तो जन्माला आलेला. खाली फिनॉलच्या राळेत भिजवलेले खाकी कागद, वर मेलामाईनच्या राळेत भिजवलेला एक चित्राचा कागद, आणि उष्णता देऊन जबर दाबाखाली सगळ्याचा केलेला एकजीव पत्रा. लाकूड रंग पितं, हा घोटभरही पीत नाही. हळद, तेल, चहा, काहीही सांडो, ‘एक फडकं मारलं की झालं’ म्हणून तीस वर्षं ज्या गुणाचं कौतुक केलं, तोच आता आडवा आला होता.

लहानपणी मला वाटायचं, मायका म्हणजे हिंदीतलं माहेर. मग सनमायका हे कुणाचं माहेर? पुढे कळलं, मायका म्हणजे अभ्रक. 1913 च्या सुमारास अमेरिकेत दोन इंजिनिअरांनी विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरायला हा थर बनवला, म्हणून ‘फॉर मायका’, फॉर्मायका. आत अभ्रकाचा कणही नाही, पण शेपूट चिकटून राहिलं. आपल्याकडे तर सनमायका या एका ब्रँडचं नाव सगळ्याच पत्र्यांना लागलं. दुकानात जाऊन ‘लॅमिनेट द्या’ म्हणणारा माणूस मला तरी संशयास्पद वाटतो.

दुसऱ्यांदा मात्र शिस्तीत लागलो. मुठी काढल्या. कोमट साबणाच्या पाण्यानं पुसून वर स्पिरिटचं फडकं फिरवलं. ते इतकं पिवळं निघालं की बायकोनं तोंड फिरवलं. कडेला सुटलेली पट्टी रबरी सोल्युशननं बसवली. मग तोंडाला रुमाल बांधून 180 नंबरचा पॉलिश पेपर. सुरुवातीला कागद नुसता घसरतो, चुई चुई करतो. दहा-बारा हात मारले की आवाज बदलतो, जाडसर होतो आणि बोटांना पिठासारखी भुकटी लागते. पत्रा काढायचा नसतो, फक्त चमक मारायची. बॅटरी आडवी धरली की चकाकणारी बेटं दिसतात, तिथे पुन्हा.

एका कोपऱ्यात जोर जास्त झाला. सागवानाच्या रेघा पुसल्या गेल्या आणि खालून खाकी कागद डोकावला. आई बघतच राहिली.

“म्हणजे हे सागवान नव्हतंच?”

“आई, फोटो होता.”

“आणि मी इतकी वर्षं फोटो पुसत होते?”

“देवघरात दुसरं काय करतेस?” यावर तिनं जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरी मेख प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाआधीच्या थरात. साधा लाकडाचा चालत नाही. मी दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर आणला, बेस आणि हार्डनर. एकत्र झाले की थोड्या वेळात डब्यातच दगड होतो, म्हणून लागेल तेवढाच कालवायचा. हे मला पहिली खेप कालवून झाल्यावर समजलं. ती खेप ज्या स्टीलच्या वाटीत मापली, ती वाटी ब्रशसकट अजून माळ्यावर आहे. रात्रभर वाळल्यावर 320 नंबरचा कागद हलकेच फिरवला आणि फोमच्या रोलरनं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन पेंटचे तीन पातळ हात दिले. जाड हाताचा मोह टाळावा, ओघळ येतात. आणि हे काम पावसाळ्यात काढू नये, हवेतला दमटपणा रंगाला धड वाळू देत नाही.

त्यानंतरचं काम सगळ्यात अवघड, काहीच न करणं. रंग चार तासांत हाताला वाळला, पण आतून कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. मुलीनं दारावर ‘हात लावू नये’ अशी पाटी टांगली. तीन आठवडे आमचे कपडे पलंगावर, खुर्चीवर, दोरीवर होते. माझ्याशी बोलताना सगळे कपाटाबद्दल बोलणं टाळत होते.

परवा तोच सुतार दाराची कडी बसवायला आला. काही न बोलता त्यानं कपाटाच्या कडेवर अंगठ्याचं नख ओढलं. पुन्हा जोरात ओढलं. काही निघालं नाही. मग खाली उकिडवा बसला, मान वाकडी करून पायापाशी बघितलं आणि म्हणाला, “काका, इथं एक हात कमी पडलाय.”

पडला होता.