फळ्यावरचं तिसरं नाव

सातवीत मी मॉनिटर होतो. बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, एवढंच काम. पण हातातल्या त्या खडूचा रुबाब काय सांगू!

एका ऑफ तासाला मी पाच नावं लिहिली. बाई आल्या, फळा वाचला आणि तिसऱ्या नावापाशी थांबल्या. "हा कुठे बसलाय?" मी शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं. बाक रिकामा. तो तापाने आजारी होता, दोन दिवस शाळेतच आला नव्हता.

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "तू त्याला बोलताना ऐकलंस?" एवढंच विचारलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला ऐकल्याचं आठवत होतं! मागून कुजबुज आली आणि हाताने त्याचं नाव लिहून टाकलं. त्याच्याशी माझं वैरही नव्हतं. मधल्या सुट्टीत आम्ही एकाच संघात खेळायचो.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी नवा नियम केला: नावापुढे तो काय बोलला तेही लिहायचं. यादी एकदम आखडली. आणि वर्गात सगळ्यात जास्त बडबड माझ्या शेजारी, पहिल्या बाकावर बसणारा माझा जिवलग मित्र करतो, हे मला त्याच आठवड्यात कळलं.

पुढे मी स्वतः शिक्षक झालो आणि या रोगाचं नाव कळलं: 'हेलो इफेक्ट', म्हणजे प्रभावळीचा परिणाम. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली, लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले शेरे तपासले होते. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव यांचे गुण वेगवेगळे द्यायचे होते. पण एका रकान्यात माणूस चढला की बाकीच्या रकान्यांतही चढायचा. मूर्तीमागे प्रभावळ असावी तसा हा प्रकार. उजेड सगळीकडे सारखाच पडतो. पेपर तपासताना माझंही तेच व्हायचं. अक्षर वळणदार, पहिलं उत्तर झकास, की तिसऱ्या उत्तरातली चूक मी 'घाईत झाली असेल' म्हणून सोडून द्यायचो. आता नाव झाकतो, सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी तपासतो, मग गठ्ठा उलटसुलट करून दुसरा. काम कंटाळवाणं आहे आणि वेळही दीडपट लागतो.

तरी जीभ सुटतेच. एकदा स्टाफरूममध्ये मी म्हणालो, "मुलगी असून गणितात काय चमकते!" शेजारच्या सहकारी बाईंनी माझ्याकडे न बघता फक्त "असून?" म्हटलं. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड चेंबर्स यांच्या अभ्यासात ४,८०७ मुलांनी शास्त्रज्ञाचं चित्र काढलं होतं. त्यांतल्या फक्त २८ चित्रांत बाई होती, आणि ती सगळी मुलींनी काढलेली. हा आकडा मी वर्गात कितीदा सांगितला असेल. 'असून' मात्र माझ्याच तोंडून निघालं.

या स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीतली लिहिणारी पाच नावं सुचवा, असा समितीचा फोन आला. मी फटाफट सांगितली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, पाचही जण पहिल्या दोन बाकांवरचे. परत फोन लावला, सहावं नाव दिलं. त्यांनी नंबर विचारला. तो माझ्याकडे नव्हता. उरलेल्या पाच जणांना विचारून पाहिलं, त्यांच्याकडेही नव्हता.