तुम्ही विचारलंत म्हणून: सह्याद्री सोडून मायोर्काच्या डोंगरात कशाला?

हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी येतो. पुण्याची ट्रेकवाली मंडळी म्हणतात, "अगं, रतनगड-हरिश्चंद्रगड सोडून कुठल्या त्या बेटावरच्या टेकड्या चढत बसतेस?" आणि बार्सिलोनातल्या ऑफिसात सोमवारी कुणीतरी हमखास विचारतं, "मायोर्काला जाऊन समुद्रात पाय न बुडवता आलीस?" आजवर हसून वेळ मारून नेली. पण आता बऱ्याच जणांनी विचारलंय, तेव्हा एकदा नीटच सांगते.

आधी डोंगर कोणता ते. मायोर्का हे भूमध्य समुद्रातलं स्पेनचं बेट. त्याच्या वायव्य किनाऱ्याला धरून नैऋत्येकडून ईशान्येकडे सुमारे ९० किलोमीटर लांब एक रांग जाते, ती सेरा द त्रामुंताना. सगळी चुनखडी. सर्वांत उंच शिखर पुच मझोर, १,४४५ मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईहून दोनशे मीटरने कमीच. आणि तेही चढता येत नाही, कारण माथ्यावर लष्कराचं रडार आहे. 'सर्वोच्च शिखर सर' या हिशेबाने बघायचं तर हा डोंगर सरळ नापास. किल्ले नावालाच, आणि पावसाळ्यातला धबधबा नाही की हिरवागार कडा नाही. पुणेकरांचा मुद्दा इथपर्यंत मला मान्य आहे.

मी जाते ती वाटांसाठी. घाटवाटांचं वेड असलेल्याला हे फार फोडून सांगायला नको. नाणेघाटातून जाताना आपण नुसता घाट उतरत नाही, कुणाच्या तरी व्यापाराच्या मागावरून चालतो. त्रामुंतानात जवळजवळ प्रत्येक वाट अशीच कुठल्यातरी कामासाठी पडलेली आहे. एक बर्फासाठी, एक कोळशासाठी, एक ऑलिव्हसाठी, एक देवीसाठी. कामं संपली, वाटा उरल्या. युनेस्कोने २०११ साली या रांगेला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो निसर्गस्थळ म्हणून नव्हे, सांस्कृतिक भूदृश्य म्हणून, आणि चालून बघितलं की ते पटतं.

बर्फापासूनच सुरू करते, कारण हे कुणालाच खरं वाटत नाही. भूमध्य समुद्रातल्या बेटावर बर्फाचा धंदा! पण हिवाळ्यात वरच्या शिखरांवर बर्फ पडतो, आणि काही शतकं, अगदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, तो गोळा करून उन्हाळ्यात विकला जायचा. ल्यूकच्या मठाकडून गालिलेऊच्या डोंगरावर चढत गेलं की एका सपाटीवर बर्फघर लागतं. आता ते दुरुस्त करून ठेवलंय. जमिनीत खोल खणलेला लांबट खड्डा, आतून दगडांनी बांधून काढलेला. आजूबाजूची जमीनही साफ करून तिच्यावर पायऱ्यांसारखे टप्पे केलेले, म्हणजे बर्फ स्वच्छ गोळा करता यावा. टोपल्यांनी बर्फ आणायचा, खड्ड्यात टाकायचा, पायांनी तुडवून घट्ट करायचा, वर कारिच नावाच्या गवताचा थर द्यायचा, पुन्हा बर्फ, पुन्हा गवत. हे कारिच डोंगरभर माजलेलं असतं, उंच, धारदार, हाफ पॅन्ट घालून गेलात तर पोटऱ्यांवर सही करतं. उन्हाळ्यात लाद्या फोडून खेचरांवर लादायच्या आणि रात्रीच्या गारव्यात खाली शहरात पोचवायच्या. आइस्क्रीमला लागायचा तसा तापाला आणि सुजेलाही हा बर्फ औषध म्हणून लागायचा. त्या वाटेची वळणं इतकी सैल, चढ इतका सारखा का, ते खेचराच्या पाठीवरचं वितळतं ओझं डोळ्यांपुढे आणलं की कळतं. सरळ चढणारी वाट माणसासाठी ठीक, पण हा माल सांडून आणि थांबून चालणारा नव्हता.

खाली ओकच्या रानात शिरलात की दुसरं प्रकरण. सदाहरित ओक, दाट सावली, आणि मध्येच दगडांच्या कडीने आखलेली गोल सपाट जागा, शेवाळाने पार झाकलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं देवस्थान असावं. ती कोळशाची भट्टी. लाकडं रचायची, वर कारिच आणि माती लिंपायची आणि आठ-दहा दिवस आत धुमसत ठेवायची. भडका उडाला तर सगळ्याची राख, म्हणून रात्रंदिवस पहारा. कोळसेवाले बायकापोरांसह तिथेच झोपडी घालून राहायचे. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून घरोघर गॅसच्या टाक्या येत गेल्या आणि हा धंदा बसला. रान मात्र परत वाढलं. आज ज्याला पर्यटक 'अस्पर्श जंगल' म्हणून फोटो काढतात, ते पूर्वी पाळीपाळीने तोडलं जाणारं रान आहे, हे मला फार आवडतं.

आता दगडाबद्दल, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. कोकणातल्या वाचकांना गडगा सांगायला नको: चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. त्रामुंतानाचे उतार खालपासून वरपर्यंत अशा गडग्यांनी बांधून काढलेत आणि त्यांच्या मागे मातीच्या ताली, तालींवर ऑलिव्ह. काही झाडं शेकडो वर्षांची, खोड इतकं पिळवटलेलं की झाड कुठल्या बाजूला तोंड करून उभं आहे ते कळत नाही. बिनियाराश गावातून वर जाणारी घळ हे याचं सर्वांत देखणं उदाहरण. सोयेर गावाहून ल्यूकच्या देवीला, म्हणजे तिथल्या मठातल्या मेरीमातेला, पायी जाणाऱ्यांची ही जुनी वाट. ल्यूकची मूर्ती काळी आहे, आणि पालमा शहराहून रात्रभर चालत तिच्या दर्शनाला जायची रीत आजही आहे. मला तिथे कुणी 'तुमच्याकडे असं काही असतं का' असं विचारलं की मी वारीचे दिवस सांगते आणि मग ते गप्प होतात.

याच घळीत एकदा एक मार्जेर काम करताना बघितला. कोरड्या दगडाचं बांधकाम करणाऱ्याला तिकडे मार्जेर म्हणतात. पावसाने तालीचा एक तुकडा पोट काढून खाली बसला होता. त्याने ढासळलेले दगड आधी मोठे, मधले, बारीक असे वेगळे लावून ठेवले होते. मोजपट्टी कुठेच नाही, एक दोरी आणि हातोडा. दगड उचलायचा, हातात फिरवायचा, एका कोपऱ्याची कपची उडवायची, बसवायचा, वरून तळव्याने दाबून हलतो का बघायचं. पण वेळ जात होता तो या दर्शनी रांगेत नाही. मागे, कुणाला कधीच न दिसणाऱ्या जागी, तो मुठीएवढे दगड एकेक करून भरत होता. मी विचारलं, एवढं कशाला, ओतून टाका की. म्हणाला, "पाणी इथूनच जातं, बाई. ही भरणी नीट नसेल तर पाणी मागे तुंबतं आणि भिंत पुढे ढकलतं. सिमेंटच्या भिंती तशाच पडतात." कोरड्या दगडाच्या बांधकामाची ही कला २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, स्पेनसह आठ देशांच्या नावे. बेटाच्या प्रशासनाने त्याआधीच नवीन मार्जेर तयार करायला शिक्षण सुरू केलं होतं, नाहीतर या भिंती दुरुस्त करायला माणूसच उरला नसता.

पाणी म्हटलं तर या डोंगराचा खरा चमत्कार तोच. आपला बसाल्ट पाणी अंगावरून सोडून देतो, कड्यावरून फेकतो. चुनखडी ते पिते. माथ्यावर पावसाने खडक असा कोरून काढलाय की धारदार पन्हळीच पन्हळी, बुटाचा तळ फाटावा अशा. एवढा पाऊस पडून ओढे कोरडे ते यामुळेच. मग ते पाणी जातं कुठे? त्यातलं काही कांपानेत गावाजवळ ओकच्या रानात वर येतं. तिथल्या फोंत्स उफानेसला एरवी गेलात तर नुसती पानं पडलेली जमीन. पण वरच्या डोंगरात जोरदार पाऊस झाला की वर्षातून काही वेळा त्याच जमिनीतून, झाडांच्या बुंध्यांमधून, पाणी उसळायला लागतं आणि बघता बघता ओढा वाहतो. काही दिवसांत पुन्हा सगळं कोरडं. वेळ सांगून बघता येत नाही. बेटावरच्या ओळखीच्या बाईंचा 'आलंय, ये' असा निरोप आला आणि मी मिळेल त्या बोटीने गेले. पाण्याचा आवाज रानाच्या बाहेरपर्यंत येत होता आणि बूट गुडघ्यापर्यंतचे हवे होते.

दुसरीकडे हेच पाणी डोंगर चिरत समुद्राला गेलंय. ती तोरेंत दे पारेइसची घळ. सांदण दरी केलेल्यांना अंदाज येईल, पण ही रुंद आहे आणि शेवटी थेट समुद्र. एस्कोर्काच्या जुन्या चर्चपासून उतरायचं, दोन ओढ्यांच्या संगमाशी पोचायचं आणि मग घराएवढ्या धोंड्यांवरून घसरत, बसत, क्वचित बांधलेल्या दोराला धरत खाली जायचं. भिंती दोनशे मीटरच्या वर. अंतर फार नाही, तरी पाच-सहा तास सहज जातात, कारण ते चालणं नसतंच. इथे माहीतगार सोबत घ्याच, आणि पाऊस होऊन गेला असेल तर नाव काढू नका. गुळगुळीत चुनखडी ओली झाली की पाय ठरत नाही, आणि शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरची वादळं तासाभरात घळ भरून टाकतात. दरवर्षी इथून लोकांना उचलून न्यावं लागतं. घळ जिथे संपते ती सा कालोब्राची चौपाटी मला स्वतःला आवडत नाही. १९३०च्या दशकात बांधलेला नागमोडी रस्ता तिथे उतरतो, त्यावरून बसगाड्या येतात आणि दुपारी उभं राहायला जागा नसते. लोक समुद्राकडून बोगद्यातून येऊन घळीच्या तोंडाशी फोटो काढून परत जातात. काढू देत.

जनावरांत दोघांबद्दल सांगते. एक फेरेरेत, अंगठ्याएवढा बेडूक. १९७७ साली तो जीवाश्मांवरून शास्त्राला माहीत झाला, म्हणजे नामशेष म्हणून, आणि काही वर्षांतच अवघड घळींतल्या डोहांत जिवंत सापडला. अंडी नर सांभाळतो, मागच्या पायांना माळेसारखी गुंडाळून हिंडतो. मला तो कधी दिसलेला नाही, आणि दिसू नये हेच बरं, कारण माणसांच्या बुटांतून त्याच्या डोहांत रोग जाऊ शकतो. दुसरं काळं गिधाड. ऐंशीच्या दशकात इथे जेमतेम वीसेक उरली होती, आता शंभराच्या वर गेलीत. आपल्याकडे गिधाडं डोळ्यांदेखत गेली, त्यामुळे मासानेया शिखराजवळच्या खिंडीत डोक्यावरून ते पंख पसरून गेलं की मी रस्ता सोडून बघत बसते.

त्रास नाहीत असं नाही. बहुतेक डोंगर खासगी मालकीचा आहे. दगडी वाटांचा लांब पल्ल्याचा पायी मार्ग, जीआर २२१, आंद्राचच्या बाजूने पोयेन्सापर्यंत जातो, पण मधले काही तुकडे जमीनमालकांच्या भांडणात अडकलेत. कुठे फाटक बंद, कुठे पाटी पुसलेली. एका मालकाने तर हातवारे करून मला परत पाठवलंय, मी नकाशा दाखवत असताना. मासानेयाला एका बाजूने जाताना मळ्याच्या दारात पैसे भरावे लागतात. मला ते खटकत नाही, निदान वाट तरी उघडी आहे. बांध ओलांडायला भिंतीतच बाहेर काढलेले तीन-चार लांब दगड असतात, त्यांवर पाय देऊन पलीकडे जायचं. भिंतीवर कुठेही चढू नका, वरचा थर निसटला की खालचा सगळा गडगा सैल होतो.

जाणाऱ्यांनी फेब्रुवारी ते मे धरावा. जुलै-ऑगस्टमध्ये त्या पांढऱ्या दगडावर भाजून निघाल. मुक्कामाला बेटाच्या प्रशासनाची साधी, चांगली विश्रामघरं आहेत, आधी नोंदवावी लागतात. शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये: तिथलं पा आम्ब ओली म्हणजे जाडसर पावावर टोमॅटो चोळून, ऑलिव्हचं तेल आणि मीठ घालून, सोबत चीज आणि समुद्रकाठच्या एका वनस्पतीचं लोणचं. भूक लागल्यावर याहून जास्त काही लागत नाही.

आणि एकच दिवस असेल तर? सोयेरहून सकाळी कूबेर (हो, कूबेरच) जलाशयापाशी जा, तिथून लोफ्रेची खिंड चढा आणि बिनियाराशच्या घळीतून पायऱ्यापायऱ्यांनी सोयेरला उतरा. आरामात पाच तास. पायऱ्यांवर मधूनमधून वाटेला आडव्या, उभ्या रोवलेल्या दगडांच्या ओळी दिसतील, त्या पाणी बाजूला काढण्यासाठी आहेत, अडखळू नका. गुडघे कुरकुर करणारे असतील तर उलट, खालून वर या. फक्त कूबेरहून परतीची बस आहे का ते निघायच्या आधी बघून ठेवा, हिवाळ्यात तिच्यावर विसंबू नका.