हातपंपाच्या दांड्यामागचे गणित

हातपंपाचा दांडा ही साधी तरफ आहे, पण तिच्यावर येणारा भार बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा मोठा असतो. इंडिया मार्क २ या पंपाच्या सिलिंडरचा, म्हणजे ज्यात दट्ट्या वरखाली सरकतो त्या नळीचा, व्यास ६३.५ मिलिमीटर असतो. त्यामुळे पाणी ३० मीटर खोल असेल, तर दट्ट्याला सुमारे ९५ किलो पाणी उचलावे लागते. दांड्याची हाताकडची बाजू टेकूपलीकडच्या बाजूच्या आठपट लांब असल्याने हाताला हा भार १२ किलोंइतकाच जाणवतो, आणि दट्ट्याला वरच्या दांड्याशी जोडणाऱ्या सळयांचे वजन बरेचसे जड, भरीव दांडाच तोलून धरतो. अर्थात हात मीटरभर खाली आणावा, तेव्हा दट्ट्या १२५ मिलिमीटर वर सरकतो आणि जेमतेम ४०० मिलिलिटर पाणी येते.

मला सर्वांत सुंदर वाटते ती त्यातली साखळी. दांड्याचे टोक गोलाईत फिरते, सळई मात्र सरळच वर यायला हवी. ती थेट दांड्याला जोडली, तर दर हेलकाव्याला बाजूला ओढली जाऊन झीज होते. दांड्याच्या टोकावरच्या कंसाकृती तुकड्यावरून सळईपर्यंत उतरणारी साखळी नेहमी एकाच उभ्या रेषेत ओढते. पण साखळीला ढकलता येत नाही, दट्ट्या खाली जातो तो सळयांच्या वजनाने. म्हणूनच उथळ विहिरीवर, जिथे सळया थोड्या आणि हलक्या असतात, तिथे साखळी सैल पडून झटके देते.