पॅसेजमधली बद्द फरशी: काम कुठवर आलं

मंडळी, पॅसेजची फरशी अखेर उखडली. बाथरूमच्या भिंतीतली गरम पाण्याची लाइन फुटून कोबा (फरशीखालचा सिमेंटचा थर) भिजला होता, तेव्हा कंत्राटदाराने लगेच नव्या टाइल्स टाकून दिल्या होत्या. पाइप त्याने नीट जोडला, ते मान्य. फरशीची मात्र वाट लावली. सांध्यांतून पांढरा खार फुटला आणि दाराजवळची टाइल पाय पडला की टक्‌ करून हलायला लागली.

उखडण्याआधी नाणं घेऊन एकेक टाइल ठोकली. भरीव टाइल कणखर वाजते, पोकळ बद्द वाजते. बद्द निघेल तिथे खडूने फुली मारली. जवळजवळ सगळ्या फुल्या बाथरूमच्या भिंतीलगत पडल्या, म्हणून आधी गळतीचा संशय काढून टाकला. प्लंबरने लाइनला प्रेशर गेज लावून रात्रभर ठेवला, काटा जागचा हलला नाही. म्हणजे पाणी जुनंच, आत कोंडलेलं.

पहिली टाइल पहारीच्या नुसत्या टोकाने सुटली. पाठ कोरी करकरीत, कंपनीचा शिक्का वाचता येत होता. चार कोपऱ्यांत आणि मध्ये सिमेंटच्या मालाचे लाडू ठेवलेले, मधली सगळी जागा पोकळ आणि खालचा थर काळपट ओला. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, त्यामुळे सिमेंटची खीर (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) तिच्या पाठीला धरत नाही. शहाबादीवर हात बसलेले गवंडी अजूनही खीरच ओततात, कारण शहाबादीला ती चालते.

आता वाळवणं. पन्नास मिमीपर्यंतच्या थराला ढोबळमानाने मिलीमीटरमागे एक दिवस धरायचा, तोही हवा खेळती असेल तर. माझा थर ४० मिमी, म्हणजे सव्वा-दीड महिना. (घरच्यांचे टोमणे वेगळे.) तपासायला १८ इंच चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवायचं. खाली थेंब दिसले किंवा कोबा गडद झाला, तर थांबायचं. हॉलकडचा भाग कोरडा निघाला, तिथे काम सुरू केलं.

जुन्या शेडच्या टाइल्स बाजारात मिळेनात. बेडरूमच्या कपाटाखालच्या टाइल्स काढून पॅसेजला आणल्या. कपाटाखाली नवीन कुठलीही चालेल. काढताना एक फुटली, बाकी सुखरूप.

अ‍ॅडेसिव्ह (खिरीऐवजी टाइल चिकटवायचा माल) घेताना पिशवीवर आयएस १५४७७ (त्याचं भारतीय मानक) आणि तो कोणत्या टाइलसाठी आहे, हे वाचून घ्या. दातेरी थापी एकाच दिशेने ओढायची, टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा आणि टाइल रेघांना आडवी सरकवत दाबायची. एक बसवून लगेच उचलून पाहिली, पाठ जवळपास पूर्ण माखलेली. कोरड्या जागी ८० टक्के पुरतं, ओल्या जागी ९५ हवं. सांधे २ मिमी, स्पेसर (फट सारखी ठेवणारे छोटे तुकडे) लावून. कंत्राटदाराने टाइल टाइलला भिडवली होती, तिथे ग्राउट (सांधे भरायचा माल) जाणार कुठून?

बाथरूमकडच्या बाजूला प्लास्टिकखाली अजून दव धरतंय, म्हणून उंबऱ्याचा ग्रॅनाइट उचललेला नाही. नवी फरशी त्याच्यापेक्षा ३ मिमी उंच येतेय. उंबरा पुन्हा बसवावा की कड घासून घ्यावी? आणि २ मिमीच्या सांध्यात एपॉक्सी ग्राउट कुणी भरलंय का? भरताना टाइलवर डाग राहिले असतील तर कशाने काढले, तेही लिहा.