आत्याचा 'ए'

आत्या जन्मापासून कर्णबधिर. ती पुण्याहून आली तेव्हा वॉशिंग्टनला कर्णबधिरांसाठीच्या गॅलॉडेट विद्यापीठातलं कर्णबधिरांच्या इतिहासाचं संग्रहालय बघायचं ठरलं. दुभाषी अर्थातच मी! घरात तिच्या खुणा सगळ्यांत जास्त मलाच कळतात.

ईमेलवर वेळ विचारली, मेट्रोच्या रेड लाइनने गेलो. आवारात एका मुलाला मी इंग्रजीत रस्ता विचारला. त्याने कानाकडे बोट दाखवून मान हलवली. मी गप्प. मग फोनवर टाइप करू लागले, तोवर आत्याने हवेत इमारतीचा आकार काढून, भुवया उंचावून उत्तर मिळवलंही होतं.

चॅपल हॉलसमोर कर्णबधिरांचा शिक्षक थॉमस गॅलॉडेट आणि त्याची छोटी कर्णबधिर विद्यार्थिनी अ‍ॅलिस कॉग्सवेल यांचा पुतळा आहे, 1889 सालचा. तो तिला 'ए' शिकवतोय, एका हाताने, मूठ वळून. आत्या थबकली. तिचा 'ए' दोन हातांचा: एका हाताच्या अंगठ्याला दुसऱ्याची तर्जनी टेकवायची. भारतीय सांकेतिक भाषेतली इंग्रजी अक्षरं ब्रिटिश पद्धतीची, अमेरिकन भाषेचं मूळ फ्रेंच. ब्रिटन आणि अमेरिका या इंग्रजी बोलणाऱ्या दोन देशांतले कर्णबधिर एकमेकांना सहज समजत नाहीत, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

आत मी फलक वाचून आत्याला सांगत होते. 1988 साली इथल्या विद्यार्थ्यांनी आठवडाभर आवार बंद पाडून पहिला कर्णबधिर अध्यक्ष मिळवला, हे तिने मला दोनदा सांगायला लावलं. कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या 1880 च्या मिलान परिषदेची गोष्ट मीच सुरू केली. शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव झाला, तिथे कर्णबधिर प्रतिनिधी एकच होता. आत्याने मला मध्येच थांबवलं आणि स्वतःच्या बोटांवर पट्टी मारल्याची खूण केली. तिच्या शाळेतही वर्गात हात हलवायची बंदी. खुणा चालायच्या त्या वसतिगृहात, दिवे मालवेपर्यंत. हे तिने मला याआधी कधी सांगितलं नव्हतं, की मीच कधी विचारलं नव्हतं?

बाहेर आलो तर सकाळचाच मुलगा पुतळ्यापाशी. आत्याने त्याला आपला 'ए' दाखवला, त्याने तो करून पाहिला, मग 'बी', मग 'सी'. मी फोटो काढायला पुढे झाले. आत्याने खांद्याला धरून मला बाजूला सारलं. माझ्यामुळे तिला त्याचे हात दिसत नव्हते.